समुद्र गोड कसा झाला?

रात्री साडेनऊला मुलुंडला घराच्या दारात मी पर्स उलटी केली. रुमाल, लोकलचा पास, सुटे पैसे. किल्ली नाही. ती एक तर पर्समध्ये असते, नाही तर ऑफिसच्या खणात. म्हणजे खणात राहिली!

बारावीला तर्कशास्त्र घेतलेल्यांना याचं नाव आठवेल: वैकल्पिक संवाक्य. ‘अ किंवा ब, अ नाही, म्हणून ब.’ वात्स्यायनाच्या न्यायभाष्यात, म्हणजे न्यायसूत्रांवरच्या त्याच्या टीकेत, असाच ‘परिशेष’ येतो: शक्यता गाळत जायचं, उरेल ती घ्यायची. ग्रीक तत्त्वज्ञ क्रिसिपसच्या दाखल्यातला कुत्रा तर दोन वाटा हुंगून वास लागला नाही की तिसरीवर न हुंगताच धावत सुटतो.

कुत्र्यालाही कळणाऱ्या या नियमावर अ‍ॅलन रॉस अँडरसन आणि न्युएल बेलनॅप या अमेरिकन तर्कशास्त्रज्ञांनी हरकत घेतली. का, ते कळायला सोसायटीचा हिशोब पुरतो.

समजा, खजिनदाराच्या वहीत ‘३०२ने मेंटेनन्स भरला’ आणि सेक्रेटरीच्या एक्सेलमध्ये ‘३०२ने भरला नाही’. वही खरी धरा. मग ‘३०२ने भरला किंवा अरबी समुद्र गोड आहे’ हेही खरं, कारण ‘किंवा’ची एक बाजू खरी असली की भागतं. आता एक्सेलही खरं धरा. भरला नाही, म्हणून पहिली बाजू गळाली. उरलं काय? घागर घ्या आणि गिरगाव चौपाटी गाठा.

ही युक्ती मध्ययुगातली, अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ सी. आय. लुईस यांनी १९३२मध्ये ती नव्याने मांडली. एका विसंगतीतून वाट्टेल ते निघतं, हे नेहमीचं तर्कशास्त्र निमूट मान्य करतं. रेलेव्हंट लॉजिकला, म्हणजे पुरावा आणि निष्कर्ष यांचा संबंध मागणाऱ्या तर्काला, ते चालत नाही. अँडरसन-बेलनॅप यांनी युक्तीची शेवटची पायरीच, म्हणजे ‘अ नाही, म्हणून ब’, काढून घेतली.

मग माझ्या किल्लीचं काय? त्यांचं म्हणणं, तो ‘किंवा’ वेगळा. ‘पर्समध्ये नसती, तर खणात असती’ असा जोड त्यात आधीपासून आहे. समुद्र मात्र ३०२ला नुसता चिकटवलेला. तर्कशास्त्रज्ञ जॉन बर्जेस यांना हे पटलं नाही. लोक साध्या ‘किंवा’वरही हा नियम बिनदिक्कत वापरतात, असं त्यांनी १९८१मध्ये उदाहरणं देऊन मांडलं. त्यांचा मुद्दा मला जड वाटतो. बोलताना कोण ‘किंवा’ची जात विचारतं?

रॉबर्ट मायर आणि मायकल डन या तर्कशास्त्रज्ञांनी १९६९मध्ये एक दिलासा दिला होता. ‘अ किंवा ब’ आणि ‘अ नाही’ ही दोन्ही रेलेव्हंट लॉजिकची प्रमेयं, म्हणजे त्यात सिद्ध होणारी विधानं, असतील, तर ‘ब’ही प्रमेय असतंच. नियम हाती नसला, तरी फळ मिळतं. पण त्याच पायावर अंकगणित उभारलं की हा भरवसा टिकत नाही, हे हार्वी फ्रीडमन आणि स्वतः मायर यांनी १९९२मध्ये दाखवलं.

मला पटतो तो बेलनॅप यांचा १९७७चा विचार: अनेकांकडून माहिती घेणाऱ्या कम्प्युटरने खरं, खोटं, दोन्ही आणि काहीच नाही, असे चार खाने ठेवावेत. मग ३०२ ‘दोन्ही’त पडतं. समुद्राबद्दल कुणी काहीच कळवलेलं नाही, म्हणून तो चौथ्या खान्यात खारट-गोड न ठरता राहतो. आणि ३०१, ३०३ची बाकी नेहमीसारखी काढता येते.