परदेशांतील जर्मन शाळा : जागतिक नागरिकत्व आणि डिजिटल शिक्षण

जर्मनीबाहेर चालणाऱ्या आणि जर्मन सरकारची मान्यता व मदत मिळणाऱ्या शाळांना जर्मन भाषेत ‘आउसलांड्सशूले’ म्हणतात. 70हून अधिक देशांत अशा सुमारे 135 ते 140 शाळा आहेत. त्या सरकारी मात्र नव्हेत. बहुतेक ठिकाणी पालकांनी उभारलेली ‘शूलफेराइन’ ही ना-नफा संस्था शाळा चालवते आणि फीदेखील तीच ठरवते. परराष्ट्र खाते अनुदान देते. जर्मनीतील राज्ये आपले शिक्षक काही वर्षांसाठी रजा देऊन पाठवतात आणि 1968 साली स्थापन झालेले एक मध्यवर्ती कार्यालय ही सगळी व्यवस्था सांभाळते. 2014 पासून या मदतीला स्वतंत्र कायद्याचा आधार आहे.

परंपरा जुनी आहे. कोपनहेगनची सांक्ट पेट्री शाळा 1575ची, इस्तंबूलची जर्मन शाळा 1868ची. नाझी काळात अशा अनेक शाळा प्रचारासाठी जुंपल्या गेल्या आणि महायुद्धात कित्येक बंद पडल्या. ‘जागतिक नागरिकत्व’ हा शब्द इथे वापरताना हा इतिहास विसरता येत नाही. युद्धानंतर रुजलेली ‘बेगेग्नुंग’, म्हणजे भेटीची, कल्पना त्यामुळेच मोलाची वाटते : जर्मन मुलांनी आणि यजमान देशातल्या मुलांनी एकाच बाकावर बसून शिकावे. मुंबईत जर्मन शाळा 1961 साली सुरू झाली. आज ती आंतरराष्ट्रीय शाळा असून तिथे इंग्रजी माध्यमाचीही सोय आहे.

वर्गात ही भेट घडते ती मुख्यतः भाषेतून. शाळेच्या शेवटी होणाऱ्या, विद्यापीठ प्रवेशाची पात्रता देणाऱ्या आंतरराष्ट्रीय आबिटूर परीक्षेत जर्मनबरोबर इंग्रजी किंवा त्या देशाच्या भाषेतूनही काही विषय देता येतात. जर्मन राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने केंद्रीय विकास मंत्रालयासह 2007 साली ‘जागतिक विकास’ या विषयक्षेत्राचा आराखडा काढला आणि 2015 साली तो विस्तारला. जाणणे, पारखणे आणि कृती करणे हे त्याचे तीन टप्पे. एकच प्रश्न दुसऱ्याच्या जागी उभे राहून पाहता येणे याला त्यात महत्त्व आहे. आणि तो दुसरा शेजारच्याच बाकावर असेल, तर धडा पुस्तकी राहत नाही.

डिजिटल शिक्षणाचे धोरण याच परिषदेने डिसेंबर 2016 मध्ये ठरवले. माहिती शोधणे, संवाद, निर्मिती, सुरक्षितता, प्रश्न सोडवणे आणि माध्यमांची चिकित्सा अशी सहा कौशल्यक्षेत्रे त्यात आहेत. प्रत्यक्ष कसोटी लागली 2020 मध्ये, कोविडच्या साथीत. चीनमधील जर्मन शाळा जानेवारीअखेर बंद झाल्या; खुद्द जर्मनीतल्या शाळांवर ती वेळ मार्चच्या मध्यावर आली. कुटुंबे वेगवेगळ्या देशांत अडकलेली असताना वर्ग ऑनलाइन भरवावे लागले आणि घड्याळांतले अंतर हीच मोठी अडचण ठरली. शिवाय चीनमध्ये गूगलच्या सेवा चालत नाहीत, म्हणून युरोपात सहज वापरली जाणारी साधने तिथे गृहीत धरता येत नाहीत. माहितीवर ताबा कोणाचा, हा प्रश्न तिथल्या मुलांना रोजच्या अनुभवातून कळतो. माध्यमशिक्षणाचा याहून जिवंत धडा कोणत्याही टॅबलेटवर मिळणार नाही.

खरी मर्यादा फीची आहे. शिष्यवृत्त्या असल्या तरी ही भेट बहुधा सुस्थितीतल्या घरांतल्या मुलांचीच होते. 2008 साली सुरू झालेल्या ‘पाश’ उपक्रमाने जर्मन शिकवणाऱ्या स्थानिक शाळांनाही जोडून घेतले. जगभरातील सुमारे 2000 शाळा त्या जाळ्यात असून त्यांचे विद्यार्थी ऑनलाइन प्रकल्पांत एकत्र काम करतात.