देशी गाणाऱ्या पक्ष्यांची पैदास : कायदा आणि कागदपत्रे (ठाणे व नवी मुंबई)

दयाळ, शामा, बुलबुल, मुनिया, चंडोल, पहाडी मैना अशा भारतात निसर्गतः आढळणाऱ्या पक्ष्यांची हौसेखातर घरी पैदास करायला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 खाली वाव नाही. त्यासाठी हौशी माणसाला भरता येईल असा अर्जच नाही. ठाणे, कळवा, ऐरोली, नेरुळ भागातल्या पक्षीपाळकांत ‘कागद करून घेतले की चालतं’ असे सर्रास ऐकू येते. ते विदेशी पक्ष्यांच्या नियमांवरून आले आहे.

दुसरा समज जास्त चिवट आहे : पिल्लू पिंजऱ्यातच जन्मले, तर ते रानातले कसे? कायद्याने हा प्रश्न आधीच निकालात काढला आहे. पकडणे, सापळा लावणे, अंडी उचलणे, घरटे मोडणे हे सारे ‘शिकार’ या व्याख्येत येते. कलम 39 प्रमाणे कायदा मोडून बंदिवासात ठेवलेला किंवा बंदिवासात जन्मलेला वन्यप्राणीही सरकारची मालमत्ता ठरतो. कलम 57 नुसार असा पक्षी ताब्यात सापडला, की तो बेकायदा नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी पाळणाऱ्यावर येते. दुकानदाराची पावती इथे ढाल होत नाही. ती दाखवणारा स्वतःच्याच विरुद्ध खरेदीचा पुरावा देत असतो. देशी पक्ष्यांचा व्यापार 1990-91 पासूनच बंद आहे.

ब्रिटनमध्ये चित्र वेगळे आहे. तिथे 1981 च्या कायद्याखाली गोल्डफिंच, बुलफिंच असे काही स्थानिक पक्षी बंदिवासात जन्मलेले असतील आणि पायात बंद कडे असेल तर विकता येतात. हे कडे पिल्लू काही दिवसांचे असतानाच बोटांवरून सरकवावे लागते. मोठ्या पक्ष्याच्या पायात ते जात नाही, म्हणून ते घरच्या जन्माची खूण मानले जाते. भारतात देशी पक्ष्यांसाठी अशी कोणतीही कडी कायद्याने मानलेली नाही. ज्याला खरोखर पैदास साधते त्याला हे जाचक वाटते, आणि त्याची तक्रार अगदीच पोकळ नाही. पण मुनियांचा अख्खा थवा एका जाळ्यात सापडतो. घरी जोडी लावून पिल्ले काढण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडते. सवलत दिली तर तिचा पहिला ग्राहक जाळेवाला असेल.

कागदपत्रांचा खरा व्याप विदेशी पक्ष्यांचा आहे. 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. तिने साइट्स (वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) या करारातल्या प्रजाती कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत, म्हणजे जोडयादीत, आणल्या. अशा जिवंत प्राण्याचा ताबा, हस्तांतरण, जन्म आणि मृत्यू या सगळ्यांची नोंद ‘परिवेश 2.0’ या संकेतस्थळावरून मुख्य वन्यजीव रक्षकांकडे करावी लागते. नियम 28 फेब्रुवारी 2024 रोजी निघाले आणि आधीपासून पाळलेल्यांसाठी सहा महिन्यांची मुदत दिली गेली. त्याआधी जून 2020 मध्ये केंद्राने स्वेच्छेने माहिती देण्याची योजना आणली होती.

इथे शास्त्रीय नाव नीट लिहिणे महत्त्वाचे. जावा स्पॅरो साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणून नोंदणी हवी. त्याच्याच शेजारच्या पिंजऱ्यातल्या झेब्रा फिंचला नको. फिशर लव्हबर्डला हवी, गुलाबी तोंडाच्या लव्हबर्डला नको. बजरी आणि कॉकेटीलही यादीबाहेर आहेत. बाजारात मात्र बजरीलाही लव्हबर्डच म्हणतात, त्यामुळे दुकानातले नाव अर्जात उतरवून उपयोग नाही. विदेशी म्हणून विकले जाणारे काही पक्षी तर रंगवलेल्या देशी मुनिया असतात. चोचीच्या कडेला किंवा पायांवर सांडलेला रंग दिसला, तर ती घेऊ नये. विक्री करणाऱ्या दुकानांना 2018 चे पाळीव प्राणी दुकान नियम वेगळे लागू आहेत.

पहिल्या दोन अनुसूचींतले, म्हणजे संरक्षित देशी प्रजातींच्या याद्यांतले, प्राणी बाळगण्याच्या शिक्षा हलक्या नाहीत. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबत किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद होते. इतर बहुतेक गुन्ह्यांत तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आजोबांच्या काळापासून घरात मैना आहे, असे सांगून सुटका होत नाही. तेव्हाचा मालकी दाखला असेल तरच ती ठेवता येते. पाळायचीच नसेल तर असा दाखलाधारक 2022 च्या दुरुस्तीप्रमाणे पक्षी वन विभागाकडे सोपवू शकतो, भरपाई मात्र मिळत नाही. जखमी पक्षी सापडल्यास वन विभागाचा 1926 हा मदत क्रमांक आहे.

हौस भागवायची एक कायदेशीर वाट उरते. दयाळ झाडाच्या ढोलीत घरटे करतो आणि लाकडी पेटीही स्वीकारतो. येऊरच्या पायथ्याच्या किंवा पारसिकच्या उतारावरच्या सोसायटीत ती मार्चच्या आधी, मांजर पोहोचणार नाही अशा उंचीवर टांगावी. परवाना लागत नाही. आतली अंडी आणि पिल्ले मात्र हाताळायची नाहीत, मोबाइलवर फोटो काढण्यासाठीही नाही.