दहातल्या सहा गोळ्या

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आमच्या काकूच्या घरी तांदळाच्या डब्याआड गोळ्यांचं पाकीट सापडलं. दहातल्या सहा फोडलेल्या, चार तशाच. झोप उडालेली, जेवण जात नाही, कशात जीव रमत नाही, म्हणून डॉक्टरांनी नैराश्यावर दिलेल्या त्या गोळ्या. "गुण नाही आला बघ. उलट मळमळ सुटली," काकू म्हणाली. "आणि कुणी बघितलं तर डोक्याच्या गोळ्या खाते म्हणतील." दिव्यापाशी अंगाऱ्याची पुडी होती, ती मात्र उघड्यावर.

सहा दिवसांत या गोळ्यांचा गुण सहसा दिसतच नाही. का, हे मला मेंदूतलं सगळ्यात सुंदर कोडं वाटतं.

मेंदूच्या देठात काही पेशी सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतात. पुढच्या पेशीला निरोप पोचला की सोडणारी पेशीच ते परत ओढून घेते. नैराश्यावर नेहमी दिल्या जाणाऱ्या गोळ्या हे ओढून घेणं अडवतात. पहिल्या गोळीनंतर काही तासांतच पेशींबाहेरचं सेरोटोनिन वाढतं. मग गुण लगेच का नाही? घरावरची पाण्याची टाकी आठवा. पाणी चढलं की तरंगता चेंडू वर येतो आणि नळ बंद करतो. या पेशींच्या अंगावरही तसे चेंडू आहेत, त्यांना स्वग्राही म्हणतात. बाहेर सेरोटोनिन वाढलेलं दिसताच ते पेशीला "पुरे" म्हणतात आणि तिचे विद्युत-ठोके मंदावतात. म्हणजे गोळी वाढवते, पेशी कमी करते. रोज गोळी चालू राहिली की दोन-तीन आठवड्यांत स्वग्राही बोथट होतात, ठोके पूर्ववत होतात, आणि आता परत ओढणंही अडलेलं असतं. त्यापुढे पेशींमधले जोड नव्याने घडतात, त्याला आणखी वेळ लागतो. कोडं एवढ्यावर पुरतं सुटलेलं नाही. 'मेंदूत सेरोटोनिन कमी पडलं म्हणून नैराश्य' हे सरळसोट गणितही सिद्ध झालेलं नाही.

मळमळ, बेचैनी मात्र पहिल्याच आठवड्यात येते. आधी त्रास, मग गुण. मधल्या दिवसांत गोळी सुटते आणि माणूस देवऋषाकडे जातो. गोळी चालू ठेवून गेला, तर तिसऱ्या आठवड्यातल्या सुधारणेचं श्रेय अंगाऱ्याला मिळतं. गोळी न घेताही काहींचं नैराश्य काळाने ओसरतं, तेही अंगाऱ्याच्याच खात्यात जमा होतं. करणी-भानामती काढतो म्हणून पैसे उकळणारे याच दिवसांवर जगतात.

म्हणून या तीन आठवड्यांत दारात येऊन "मळमळ थांबली का, झोप कशी आहे?" असं मराठीतून विचारणारी आशाताई मला औषधाइतकीच महत्त्वाची वाटते. चोर्ला घाटापलीकडे गोव्यात हे करून पाहिलंय: प्रशिक्षण दिलेल्या, डॉक्टर नसलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांना आधार दिला आणि फरक पडला. ते निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. आपल्याकडे कर्नाटकात सरकारच्या 'मनोचैतन्य' योजनेत मनोविकारतज्ज्ञ ठरावीक मंगळवारी तालुका दवाखान्यात येतात. १४४१६ या मोफत क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीतून बोलता येतं.

मंगळवार देवीचा वार. काकू आधी देवळात गेली, मग दवाखान्यात. "जन्मभर खायच्या काय?" तिने विचारलं. डॉक्टर म्हणाले, बरं वाटल्यावरही निदान सहा महिने, मग हळूहळू कमी करू. मनाने एकदम बंद करायच्या नाहीत, चक्कर येते, जीव घाबरतो. सवय लागायला ही काही दारू नव्हे.