रविवार फार लांब असतो

"त्रास मुलाला आहे, मग शिकवणी मला कशाला?" घोडबंदर रोडला राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीने हे विचारलं तेव्हा तिच्या आवाजात रागापेक्षा अपमान जास्त होता. मुलगा सात वर्षांचा, दुसरीत. त्याला एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं आणि चंचलता आवरणं कठीण जाण्याचा त्रास, असल्याचं निदान झालं आणि डॉक्टरांनी आई-बाबांना पालक-प्रशिक्षणाला यायला सांगितलं. तिने त्याचा अर्थ घेतला, 'तुम्हाला मूल सांभाळता येत नाही.' घरातली मोठी माणसं तेच म्हणत होती.

हा अर्थ चुकीचा आहे. जुळ्यांच्या अभ्यासांवरून दिसतं, की एडीएचडीच्या बाबतीत मुलामुलांत जो फरक असतो त्यातला सुमारे ७० ते ८० टक्के फरक आनुवंशिकतेशी जोडलेला असतो. लाड केल्याने एडीएचडी होत नाही. साखरेनेही होत नाही. साखर आणि मुलांच्या वागण्यावरचे प्रयोग १९९५ मध्ये एकत्र तपासले गेले, तेव्हा परिणाम दिसला नाही. मग शिकवणी पालकांना का? याचं मला सगळ्यात आवडणारं उत्तर माकडांना दिलेल्या फळांच्या रसापासून सुरू होतं.

वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांच्या मध्यमेंदूतल्या डोपामिन पेशींचे, म्हणजे डोपामिन हे संदेशवाहक रसायन सोडणाऱ्या पेशींचे, संदेश टिपले. माकडाला अचानक रस मिळाला की या पेशी जोरात संदेश सोडत. मग रसाच्या आधी दिवा लावायला सुरुवात केली. माकडाला दिवा आणि रस यांचा संबंध कळल्यावर पेशी दिवा लागतानाच संदेश सोडू लागल्या, रस मिळताना मात्र शांत. दिवा लागूनही रस आला नाही, तर नेमक्या त्या क्षणी संदेश एकदम मंदावे. म्हणजे डोपामिन नुसत्या आनंदाचं रसायन नाही. अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं की कमी, याचा हिशेब ते ठेवतं, आणि शिकत गेलं की हा संदेश बक्षिसाकडून बक्षिसाच्या खुणेकडे सरकतो.

हे सरकणं फार मोलाचं आहे. २०१४ मध्ये उंदरांच्या मेंदूवर झालेल्या एका प्रयोगात दिसलं, की पेशींमधला जोड पक्का व्हायला, म्हणजे शिकलेलं टिकायला, त्या जोडातून संदेश गेल्यावर डोपामिन ०.३ ते २ सेकंदांच्या आत पोचावं लागतं. मुलाने दप्तर आता भरलं आणि शाबासकी रात्री मिळाली, तर मधली दरी बुजवते ती शाबासकीची चाहूल. गेल ट्रिप आणि जेफ विकन्स यांनी २००८ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार एडीएचडी असलेल्या मुलांत हा संदेश खुणेकडे नीट सरकत नाही. सिद्धांत अजून पूर्ण सिद्ध झालेला नाही, पण घराघरांत जे दिसतं त्याच्याशी तो जुळतो. "आठवडाभर नीट अभ्यास केलास तर रविवारी उपवन तलावावर नेईन," असं बाबा सकाळची लोकल गाठायच्या घाईत सांगतात. मुलाला उपवनला जायचं असतं, अगदी मनापासून. पण सोमवारी संध्याकाळी गणिताची वही उघडताना त्या रविवारचा मेंदूला काहीच उपयोग होत नाही.

याच मध्यमेंदूचं नाव घेऊन 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'चे वर्ग महाराष्ट्रात चालले. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचता येतं, एकाग्रता वाढते, असे त्यांचे दावे. पट्टीच्या फटीतून बघणं म्हणजे मेंदूचा विकास नव्हे. दमलेल्या आई-बापांकडून यासाठी हजारो रुपये घेणं ही फसवणूक आहे, आणि दृष्ट काढून चंचलपणा जाईल ही आशाही तितकीच पोकळ आहे.

मध्यमेंदूला बाहेरून चालू करता येत नाही. बक्षीस मात्र जवळ आणता येतं, आणि पालक-प्रशिक्षणात शिकवतात ते मुख्यतः हेच. एका वेळी एकच सूचना, जवळ जाऊन, नजरेला नजर देऊन. मोघम "शाब्बास" न म्हणता लगेच "डबा स्वतः बेसिनमध्ये ठेवलास, छान केलंस." किरकोळ खोड्यांकडे काणाडोळा. बक्षीस छोटं, वारंवार, आणि मुलाला कंटाळा यायच्या आत बदललेलं. वाचताना सोपं वाटतं. रात्री आठला ठाणे स्टेशनवरून रिक्षाच्या रांगेत उभं राहून घरी आलेल्या माणसाला ते अजिबात सोपं नसतं, म्हणून सराव लागतो.

अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनात सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पहिला उपाय हाच सांगितला आहे. पुढच्या वयात औषधं आणि त्यासोबत घर-शाळेतलं प्रशिक्षण. मर्यादाही सांगायला हवी. कोणी प्रशिक्षण घेतलंय हे माहीत नसलेल्या निरीक्षकांनी मोजलं, तेव्हा मूळ चंचलतेत फारसा फरक दिसला नाही. मुलाचा हट्टीपणा, भांडखोरपणा मात्र कमी झाला, आणि पालकांचं वागणं सुधारलं. औषध चालू असेल तर ते या कारणाने परस्पर बंद करू नये.

मैत्रीण आता प्रशिक्षणाला जाते. फ्रिजवर एक कागद चिकटवलाय. दात घासले, दप्तर भरलं, की तिथल्या तिथे एक टिकली. पाच टिकल्या झाल्या की दहा मिनिटं बाबांबरोबर खाली क्रिकेट, त्याच संध्याकाळी. बाबा उशिरा आले तर आई गोलंदाजी करते.