एकाच मापाची गोळी

समजा, नवरा-बायको दोघांनाही झोप येत नाही. डॉक्टरांनी झोल्पिडेम लिहून दिली. रात्री अकराला दोघांनी १० मिलिग्रॅमची एकेक गोळी घेतली. सकाळी सातला चहाच्या वेळी त्याचं डोकं हलकं झालंय, तिचं मात्र अजून जडच. आणि मुलांना शाळेत सोडायला गाडी काढायचीय तिलाच.

ही तिची सुस्ती नव्हे. गोळी घेऊन आठ तास उलटल्यावर रक्त तपासलं, तेव्हा सुमारे १५ टक्के बायकांमध्ये गाडी चालवणं धोक्याचं ठरावं इतकं औषध शिल्लक होतं. पुरुषांमध्ये ३ टक्के. म्हणून अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने, जानेवारी २०१३ मध्ये बायकांचा डोस निम्म्यावर, ५ मिलिग्रॅमवर आणायला लावला. औषधाला तिथे मंजुरी मिळाली होती १९९२ साली!

वजनाचा फरक असेल, असं आपल्याला पटकन वाटतं. पण वजनाचा हिशेब धरूनही बायकांच्या शरीरातून हे औषध सावकाशच बाहेर पडतं. डोस निम्मा करण्याइतका हा फरक मोठा आहे का, यावर संशोधकांत वाद आहे. असू दे. माझी तक्रार वेगळी आहे: हा वाद वीस वर्षं आधीच का नाही झाला?

या गोळीच्या चाचण्यांत बायका होत्या. पण तेव्हाची एकूण हवा निराळी होती. गरोदरपणात घेतलेल्या थॅलिडोमाइड या औषधामुळे हजारो बाळं व्यंग घेऊन जन्मली, त्या धसक्यातून एफडीएने १९७७ मध्ये सांगितलं, मूल होऊ शकेल अशा वयाच्या स्त्रियांना सुरुवातीच्या चाचण्यांत घेऊ नका. अविवाहित असो, गर्भनिरोधक गोळ्या घेणारी असो, नवऱ्याची नसबंदी झालेली असो, सगळ्याच बाहेर. काळजी खरी, पण त्या बाईला विचारायची पद्धत नाही. हा नियम १९९३ पर्यंत टिकला.

प्रयोगशाळेत तर उंदीरसुद्धा नरच. मेंदूविज्ञानात २००९ साली फक्त माद्यांवरच्या एका अभ्यासामागे फक्त नरांवरचे साडेपाच अभ्यास होते. कारण काय, तर माद्यांचं प्रजननचक्र चार-पाच दिवसांचं, त्याने आकडे डळमळतात. ऐकायला पटतं. २०१४ मध्ये कुणीतरी २९३ शोधनिबंध घेऊन हिशेब करून पाहिला. माद्यांचे आकडे नरांपेक्षा जास्त डळमळत नव्हते.