आधी दार, मग तेल, आता कॅलरी: हॉटेलातल्या ताटापर्यंत कायदा कसा पोचला

कोल्हापुरात पिझ्झ्याच्या एखाद्या साखळी दुकानात गेलात तर मेन्यूवर किमतीच्या शेजारी बारीक टायपात आणखी एक आकडा दिसतो: किलोकॅलरी. तिथून उठून जवळच्या खानावळीत शिरलात तर फळ्यावर खडूनं लिहिलेलं असतं, मटण ताट, चिकन ताट, अंडाकरी ताट, आणि पुढं नुसते रुपये. तांबडा-पांढरा किती वाट्या, हेसुद्धा लिहिलेलं नसतं. वाढपी थांबेपर्यंत तो रस्सा येतच राहतो. गाव एक, कायदा एक, मग एका ताटाला आकडा आणि दुसऱ्याला का नाही?

हा प्रश्न अलीकडं जास्त ऐकू येतो त्याला कारण आहे. २३ फेब्रुवारी २०२५ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी लठ्ठपणाचा विषय काढला आणि घरातलं तेल १० टक्के कमी करा, असं सांगितलं. त्याच वर्षी केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं सरकारी कार्यालयांत तेल आणि साखरेचं प्रमाण सांगणारे फलक लावायला सुचवलं. जुलैत ती बातमी 'समोसा-जिलबीवर सिगारेटसारखा इशारा' अशी फिरली, आणि फेरीवाल्यांच्या पदार्थांवर असा कोणताही इशारा लावायला सांगितलेलं नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला. तोवर कट्ट्याकट्ट्यावर वाद पेटले होते. 'आमच्या ताटात सरकारनं हात घालायचं काय कारण?' हा त्यातला ठरलेला सवाल.

पण हा हात नवा नाही. आणि कोल्हापुरात त्याची सुरुवात ताटापासून नव्हे, हॉटेलच्या दारापासून झाली.

गंगाराम कांबळे हे संस्थानच्या पागेत कामाला होते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या या माणसानं पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केलं आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला सांगितलं. भाऊसिंगजी रोडवर त्यांचं चहाचं हॉटेल उभं राहिलं, नाव 'सत्यसुधारक'. गिऱ्हाईक कोण येणार? तर महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा मागवायचे आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही पाजायचे. सहीसाठी कागद घेऊन मागं लागलेल्यांना 'चहा घ्या, मग सही' अशी अट असायची, असंही सांगतात. १९१९ मध्ये सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, दवाखाने सर्वांना खुले करण्याचे हुकूम संस्थानात निघाले. पण हुकमानं विहीर उघडता येते, दुसऱ्याच्या हातचा चहा घशाखाली उतरवता येत नाही. त्यासाठी राजालाच तो चहा प्यावा लागला. बाहेरच्या खाण्यातली 'आवड-निवड' हा शब्द आपण आज सहज वापरतो, पण त्या काळी ती आवड जात ठरवत होती आणि ती मोडायला सत्तेचं वजन लागलं.

पुढं राज्यघटनेच्या १५ व्या कलमात दुकानं आणि सार्वजनिक उपाहारगृहं यांचा नाव घेऊन उल्लेख आला: धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून तिथं कुणालाही अडवता येणार नाही. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्यानं अडवणाऱ्याला शिक्षा ठेवली. म्हणजे स्वतंत्र भारतात हॉटेलवाल्याला घातलेलं पहिलं मोठं बंधन 'काय विकतोस' याबद्दलचं नव्हतं, 'कुणाला विकत नाहीस' याबद्दलचं होतं.

ताटातल्या पदार्थाचा कायदा आला तो १९५४ चा अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा. त्याचा डोळा दुधातलं पाणी, हळदीतला रंग, मिरचीपुडीतली विटेची पूड यांवर. जास्त खाण्याची चिंता करायला देशाकडं तेव्हा जास्त होतंच कुठं? १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडायचं आवाहन केलं, आणि सोमवारी संध्याकाळी अनेक हॉटेलांनी चुली बंद ठेवल्या. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रानं मिलो ही परदेशी लाल ज्वारी आणि सुकडी खाल्ली. ती पिढी अजून आपल्या घरात आहे. ताटात घास राहिला की जिच्या कपाळाला आठी पडते, ती आजी त्या वर्षांची आहे. साठ वर्षांपूर्वी सरकारनं 'एक वेळ कमी खा' म्हटलं ते अन्न नव्हतं म्हणून, आज 'तेल कमी खा' म्हणतं ते तेल फार झालं म्हणून. नीती आयोगाच्या २०२४ च्या अहवालात खाद्यतेलाचा माणशी वार्षिक खप १९.७ किलो दिला आहे, म्हणजे दिवसाला साधारण ५४ ग्रॅम.

कोल्हापूरचं खाणं जड का, याला इथल्या मातीचं उत्तर आहे. ऊस, गूळ, म्हशी आणि तालमी. मोतीबाग, गंगावेश या तालमींतल्या पैलवानाचा खुराक म्हणजे दूध, तूप, बदामाची थंडाई आणि मटण. १९१२ साली बांधून झालेल्या खासबाग मैदानात त्या खुराकाचा हिशेब चुकता व्हायचा. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हैस समोर बांधलेली, धार थेट पेल्यात, फेसासकट. हे दूध पिणारा पहाटे हजार-हजार जोर-बैठका मारत होता, किंवा दिवसभर उसाच्या सरीत वाकत होता. आता पेला तोच आहे, पण पिणारा स्कूटरवरून येतो आणि स्कूटरवरून उतरत नाही. खुराक राहिला, मेहनत गेली. (वैद्यकाच्या पुस्तकात याला लांबलचक नाव असेल, तालमीतला वस्ताद एवढंच म्हणतो: 'अंग सुटलं.')

देशाचे आकडेही तेच सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) जादा वजनाच्या किंवा लठ्ठ स्त्रिया २०.६ टक्के आणि पुरुष १८.९ टक्के होते. पाचव्या फेरीत (२०१९-२१) ते अनुक्रमे २४ आणि २२.९ टक्के झाले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) मोठ्या पाहणीनं मधुमेहींची संख्या १० कोटींच्या पुढं दाखवली, आणि पोटाचा घेर वाढलेले लोक ३९.५ टक्के.

आता जरा सातासमुद्रापार. कारण कॅलरीचा आकडा आपल्याकडं आला तो तिकडून.

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याच्या विधानसभेत २००८ च्या सुरुवातीला २८२ क्रमांकाचं विधेयक मांडलं गेलं. पाच किंवा जास्त जणांची बसायची सोय असलेल्या उपाहारगृहानं लठ्ठ माणसाला जेवण वाढू नये, लठ्ठ कोण ते आरोग्य खात्यानं ठरवावं, असा त्याचा मजकूर. हे राज्य तेव्हा देशात सर्वांत लठ्ठ गणलं जात होतं. विधेयक समितीतच मेलं. मांडणाऱ्यालाही ते मंजूर होईल असं वाटत नव्हतं, लक्ष वेधायचं होतं इतकंच. पण जरा कल्पना करा: हॉटेलच्या दारात वजनकाटा, आणि गल्ल्यावरचा मालक म्हणतोय, 'भावा, तू तेवढा बाहेर थांब.' याच मिसिसिपीची राजधानी जॅक्सन इथं २८ मे १९६३ रोजी काळे विद्यार्थी आणि त्यांचे सोबती एका दुकानाच्या जेवणाच्या काउंटरवर जाऊन बसले, तेव्हा जमावानं त्यांच्या डोक्यावर केचप, मोहरीची चटणी आणि साखर ओतली होती. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानं ते काउंटर सगळ्यांना उघडले. दार उघडायला इतकं सोसलेल्या जागी कारण बदलून पुन्हा दारच बंद करायचं सुचावं, याला काय म्हणायचं? गंगाराम कांबळ्यांच्या गावातल्या माणसाला तरी हे विधेयक विनोदी वाटू नये.

गंमत अशी की २०१३ मध्ये याच राज्यानं उलटी उडी मारली. गावांनी आणि शहरांनी आपापल्या पातळीवर पदार्थाच्या मापावर किंवा कॅलरी लिहिण्यावर नियम करू नयेत, असा कायदा केला. रोख न्यूयॉर्कवर होता. तिथं २००८ पासून साखळी हॉटेलांना मेन्यूवर कॅलरी लिहावी लागत होती, आणि २०१२ मध्ये महापौर ब्लूमबर्ग यांनी १६ औंसांपेक्षा (साधारण अर्ध्या लिटरपेक्षा) मोठ्या पेल्यात गोड पेय विकायला बंदी घालायचं ठरवलं. पेल्याची बंदी कोर्टानं उडवली, २०१४ मध्ये वरच्या कोर्टानंही. कॅलरीचा आकडा मात्र टिकला आणि मे २०१८ पासून २० किंवा जास्त शाखा असलेल्या साखळ्यांना देशभर लागू झाला. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२२ पासून २५० किंवा जास्त नोकर असलेल्या धंद्यांना. डेन्मार्कनं २०११ मध्ये चरबीवर कर लावून पाहिला, तर लोक लोणी आणायला जर्मनीत जाऊ लागले आणि १ जानेवारी २०१३ पासून कर गेला. कागल ओलांडून कर्नाटकातल्या कोगनोळीला पेट्रोल भरायला जाणाऱ्या कोल्हापूरकराला यात काही नवल वाटणार नाही.

आपल्याकडं केरळनं २०१६ मध्ये ब्रँडेड दुकानांतल्या बर्गर-पिझ्झ्यावर १४.५ टक्के कर बसवला. पुढल्या वर्षी जीएसटी आला आणि तो त्यात विरघळला. महाराष्ट्रानं मे २०१७ मध्ये शाळांच्या कॅन्टीनमधून चिप्स, नूडल्स, पिझ्झा, थंड पेयं हटवायचा शासन निर्णय काढला. केंद्रात २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यानं जुना भेसळीचा कायदा मोडीत काढला होता. २०११ पासून नियम लागू झाले, आणि हॉटेलच्या भिंतीवर १४ आकडी परवाना क्रमांक आला. कॅलरीचं कलम २०२० च्या नियमांतलं, अंमल मुदतवाढीनंतर जुलै २०२२ पासून. ते कुणाला? केंद्रीय परवाना असलेल्यांना किंवा दहा किंवा जास्त ठिकाणी शाखा असलेल्यांना. खानावळीचा फळा कोरा राहतो त्याचं उत्तर इथं आहे. एक मालक, एक चूल, एक आचारी, आणि फार तर पुढल्या चौकात भावाचं दुसरं दुकान. कायद्याच्या जाळ्याची भोकं एवढी मोठी की आपलं जवळजवळ सगळं कोल्हापुरी खाणं त्यातून सुटतं.

आणि सुटलं नसतं तरी आकडा लिहिणार कसा? मिसळीच्या दुकानात कटाच्या पातेल्याजवळ दोन मिनिटं उभं राहा. वर बोटभर लाल तवंग. एक जण म्हणतो, 'मालक, वरचा घाला.' आचारी डाव वरच्यावर फिरवतो. दुसरा म्हणतो, 'मला खालचा द्या, परवाच डॉक्टरकडं जाऊन आलोय.' डाव तळापर्यंत बुडतो, तवंग बाजूला सरकतो. पातेलं एक, पैसे तेवढेच. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० किलोकॅलरी. वरच्या आणि खालच्या डावात असे दोन-तीन चमचे सहज इकडचे तिकडे होतात. पिझ्झा कोल्हापुरात आणि कोचीत सारख्याच मापाचा, म्हणून त्याला आकडा चिकटतो. मिसळीचं माप आचाऱ्याच्या मनगटात असतं. नियमातही गिऱ्हाइकाच्या फर्माइशीनं बदललेल्या पदार्थाला सूट आहे, आणि कोल्हापुरात फर्माइशीविना मिसळ खाणारा मला तरी भेटलेला नाही.

माझ्या मते या सगळ्या खटाटोपात खरं काम झालं ते तेलाच्या नियमांनी. वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटची (तेल घट्ट करताना तयार होणाऱ्या, हृदयाला घातक चरबीची) मर्यादा ५ टक्क्यांवरून जानेवारी २०२१ मध्ये ३ आणि जानेवारी २०२२ मध्ये २ टक्क्यांवर आली. जुलै २०१८ पासून तळून तळून खराब झालेल्या तेलालाही मोजमाप लागलं: पोलर घटक (तेल पुन्हा पुन्हा तापवल्यानं त्यात तयार होणारे) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल खाण्यात वापरायचं नाही. यात कुणाची आवड-निवड मारली गेली? ट्रान्स फॅट कुणी मागून खात नाही, आणि 'चार दिवसांच्या कढईतली भजी द्या' असंही कुणी म्हणत नाही. गिऱ्हाइकाला जे दिसत नाही तिथं कायद्यानं बघावं. तिखट किती, तुकडे किती, भाकरी किती, हे दिसतं. ते त्याचं तो बघेल.

बघतो का, हा प्रश्न वेगळा. परवा आम्ही पाच जण एका खानावळीत बसलो होतो. त्यातल्या एकानं नुकतीच साखर तपासली होती, म्हणून त्यानं वाटीवर हात आडवा धरला. वाढप्यानं बोटांच्या फटीतून पांढरा ओतला. 'घ्या की दादा, पांढऱ्यानं काय होतंय?' दुसऱ्यानं त्याच्या ताटात स्वतःचा तुकडा टाकला, तिसरा म्हणाला, 'एवढ्यानं बायको काय घरात घेणार नाही व्हय?' निवड कुणी केली म्हणायची? मेन्यूवर आकडा असता तरी तो हात तसाच भिजला असता. शेवटी त्यानंच तडजोड सुचवली: आपण दोघांत एक ताट घेऊ.

मालकानं मान न उचलता भिंतीकडं बोट दाखवलं. तिथं अंबाबाईचा फोटो, शाहू महाराजांचा फोटो, दोन्हींच्या मधे चौकटीत बसवलेला परवाना, आणि खाली निळ्या ऑइलपेंटनं: 'एका ताटात दोघांनी जेवू नये. उष्टे टाकल्यास दंड पडेल.'

दोन ताटं आली.