कोरोनाकाळातील शेतीमदत : सू काउंटी, आयोवा

कोरोना साथीत शेतमालाचे भाव पडल्यावर अमेरिकेच्या केंद्र सरकारने शेतकऱ्यांना थेट रोख मदत दिली. 'कोरोनाव्हायरस फूड असिस्टन्स प्रोग्रॅम' असे या योजनेचे नाव, बोलताना 'सीफॅप'. तत्कालीन कृषिमंत्री सनी पर्ड्यू यांनी १७ एप्रिल २०२० रोजी ती जाहीर केली. एकूण १९ अब्ज डॉलरपैकी १६ अब्ज थेट शेतकऱ्यांसाठी होते, उरलेले ३ अब्ज अन्नधान्य, दूध, मांस विकत घेऊन गरजूंना वाटण्यासाठी. पैसा वॉशिंग्टनचा असला तरी अर्ज गेले ते काउंटीतल्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागातल्या, फार्म सर्व्हिस एजन्सी या कृषी खात्याच्या संस्थेच्या कार्यालयात.

आयोवा राज्याच्या वायव्येकडच्या सू काउंटीत ही योजना चांगली उमगते. ऑरेंज सिटी हे तिचे मुख्य ठिकाण. डच वसाहतवाल्यांनी वसवलेला हा मुलूख माणसांपेक्षा डुकरांचा अधिक : इथली डुकरे दहा लाखांच्या वर, शिवाय गुरे, मका आणि सोयाबीन. एप्रिल २०२०मध्ये कामगारांत साथ पसरून सू फॉल्स आणि वर्दिंग्टन इथले मोठे कत्तलखाने बंद पडले. डुक्कर ठरलेल्या वजनाला पोचले की जायलाच हवे, कारण मागची पिले त्या जागेची वाट पाहत असतात. दुकानात मांस मिळेना आणि गोठ्यात जनावर मावेना, अशी विचित्र कोंडी झाली. काहींना धडधाकट जनावरे मारून टाकावी लागली.

मदत मोजली गेली ती जनावरामागे आणि बुशेल या धान्याच्या मापामागे. १५ जानेवारी ते १५ एप्रिलदरम्यान विकलेल्या १२० पौंडांखालच्या डुकराला २८ डॉलर, त्याहून मोठ्याला १८. त्यानंतरच्या महिन्यात हाती असलेल्या प्रत्येक डुकराला १७. आकडे शेतकऱ्याने स्वतःच लिहून द्यायचे; आपल्याकडच्यासारखा पंचनामा नव्हता, कागदपत्रे मागितली तरच दाखवायची. त्यामुळे पैसा लवकर पोचला, हे मान्य करायला हवे. सुरुवातीला ८० टक्के रक्कम दिली, बाकीची ऑगस्टपासून. व्यक्तीला मर्यादा अडीच लाख डॉलरची. राबणारे तीन भागीदार असलेल्या कंपनीला साडेसात लाखांची. १८ डॉलरच्या दराने जेमतेम १४ हजार डुकरे विकली की एकट्याची मर्यादा संपते, आणि इथे हा आकडा फार मोठा नव्हे. सप्टेंबरमध्ये १४ अब्जांपर्यंतचा दुसरा टप्पा आला. त्यात डुकरामागे २३ आणि गुरामागे ५५ डॉलर होते. मर्यादा पुन्हा नव्याने.

खरी मेख मालकीत होती. आयोवात पुष्कळ शेतकरी डुकरे कराराने वाढवतात. गोठा, वीज, मेहनत त्यांची. जनावर आणि खाद्य कंपनीचे. भावाची जोखीम ज्याची, मदत त्याला, हा नियम असल्याने रिकाम्या गोठ्याचे कर्ज फेडणारा हा करारावरचा शेतकरी पहिल्या दोन्ही टप्प्यांतून वगळला गेला. डिसेंबर २०२०च्या कायद्याने त्याला बुडालेल्या उत्पन्नाच्या ८० टक्क्यांपर्यंत भरपाईची वाट मोकळी केली, पण तपशीलवार नियम यायला ऑगस्ट २०२१ उजाडला. मारून टाकलेल्या जनावरांसाठीची वेगळी योजनाही त्याच वर्षीच्या जुलैतली. अर्जाची शेवटची तारीख १२ ऑक्टोबर २०२१ ठेवली होती. कत्तलखाने बंद पडल्याला तोवर दीड वर्ष झाले होते.